नदीतला जेलीफिश



मागे शाळेच्या आठवणी लिहिल्या होत्या, तेव्हा पुतणीने पुण्याहून फोन केला. "काकू, तू फक्त गमतीजमती लिहितेस. शिकवताना तुझी कधी चूक झालीच नाही का गं?" झाली तर! पस्तीस वर्षं खडू हातात होता, चुका न होऊन कसं चालेल? त्यातली एक आज सांगते. ती सांगायला जरा लांबून यावं लागेल, म्हणजे मालवणहून, साताऱ्याहून आणि थोडंसं हॉलंडहून. चहा घेऊन बसा.

साल 1984. मी मराठी आणि इतिहास शिकवायची. बी.ए.ला हेच विषय होते माझे. विज्ञानाशी संबंध सुटलेला. पण आमचे विज्ञानाचे सर दीर्घ रजेवर गेले आणि नववीचे तास माझ्या गळ्यात पडले. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, पुस्तकात सगळं दिलेलं आहे, तेच समजावून सांगा." मी रात्री धडा वाचायचा आणि सकाळी मुलांना सांगायचा, असा कारभार चालला होता.

धडा होता प्राण्यांच्या वर्गीकरणाचा. अमिबा झाला, स्पंज झाले आणि 'सिलेंटेराटा' आले. त्या एका संघात चार नावं होती: हायड्रा, जेलीफिश, समुद्रफूल आणि प्रवाळ. मी फळ्यावर जेलीफिशची छत्री काढली, खाली सोंडा काढल्या आणि सांगितलं, "हा समुद्रात राहतो." मागच्या बाकावरून एक हात वर आला. मागवाल्याचा मुलगा. घरी चार माग होते आणि रात्री तो वडिलांना मदत करायचा, त्यामुळे सकाळच्या तासाला डोळे लाल. त्याने विचारलं, "बाई, नदीत का नसतो? आपल्या मोसमात, गिरणेत?"

वर्ग हसला. मीही हसले. आणि म्हणाले, "अरे, मोसमात पाणीच नसतं आठ महिने, जेलीफिश कुठून येणार? पुस्तकात काय लिहिलंय ते बघ. समुद्रात. खाली बस." तो खाली बसला.

एवढीच गोष्ट. कुणाला मारलं नाही, रागावले नाही. मग हिला चूक का म्हणते, ते आता सांगते.

निवृत्तीनंतर काही दिवस पुण्याला बहिणीकडे राहिले होते. लॉ कॉलेजच्या बाजूने रिक्षाने जाताना एक पाटी दिसली: 'आघारकर संशोधन संस्था'. आणि रस्त्याचं नाव? गोपाळ गणेश आगरकर रस्ता! मी मराठीची बाई. मनातल्या मनात लाल शाई काढली आणि 'घा'चा 'ग' करून टाकला. एवढी मोठी संस्था आणि आगरकरांचं नाव लिहिता येत नाही! बहिणीच्या घरी जाऊन हे ऐटीत सांगितलं तर भाचा हसायला लागला. "मावशी, ते आगरकर वेगळे, हे आघारकर वेगळे. 'केसरी'वाले आगरकर रस्त्याचे. संस्थेचे आघारकर वनस्पतिशास्त्रज्ञ होते."

कोण हे आघारकर? मी तर नावही ऐकलेलं नव्हतं. इतिहासाची बाई असून! मग जे मिळेल ते वाचत गेले.

शंकर पुरुषोत्तम आघारकर. जन्म 18 नोव्हेंबर 1884, मालवण. म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर वाढलेलं घराणं. शिक्षण धारवाडला आणि मग मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. एम.ए. झाल्यावर त्याच कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवू लागले. सुट्टी लागली की हा तरुण मास्तर सह्याद्रीत भटकायचा. झाडं, किडे, पाण्यातले जीव, दिसेल ते गोळा करायचा. त्या वेळी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख होते नेल्सन अ‍ॅनंडेल. असं गोळा केलेलं सामान ओळखायला त्यांच्याकडे जाई.

आणि 1911 च्या सुमारास सातारा जिल्ह्यातल्या नदीच्या डोहात आघारकरांना जे सापडलं, ते होतं गोड्या पाण्यातलं जेलीफिश!

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं. मागचा बाक आठवला.

ही नदी म्हणजे वेण्णा. महाबळेश्वरला ज्या वेण्णा तलावात आपण होडीत बसतो आणि काठावर मक्याची कणसं खातो, तीच खाली मेढ्यावरून वाहत माहुलीला कृष्णेला मिळते. तिच्या आणि कोयनेच्या खोऱ्यात ही जेलीफिश होती. दोन्ही कृष्णेच्याच लेकी. अ‍ॅनंडेल यांनी या जातीला नाव दिलं 'लिम्नोक्निडा इंडिका'. इंडिका म्हणजे भारतातली. पुढे म्युझियमचेच एफ. एच. ग्रेव्हली आणि आघारकर यांनी मिळून तिच्या सवयी आणि ती कुठे कुठे सापडते यावर 1912 साली निबंध लिहिला.

याचं एवढं काय, असं वाटेल. तर ऐका. तोवर गोड्या पाण्यातलं जेलीफिश म्हणजे जगात अगदीच दुर्मीळ गोष्ट होती. 1880 साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये मोठ्या कमळासाठी बांधलेल्या उबदार हौदात अचानक इवलीशी जेलीफिश तरंगताना दिसली, तेव्हा तिथल्या विद्वानांत खळबळ उडाली. ती नाव कुणी द्यायचं यावरून दोन मोठ्या प्राणिशास्त्रज्ञांत चढाओढ लागली. ती कमळाच्या रोपांबरोबर कुठल्या देशातून आली असेल, यावर तर्क चालले. मग 1883 मध्ये आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात दुसऱ्या तऱ्हेची सापडली. तिचं कूळ 'लिम्नोक्निडा'. हे कूळ आफ्रिकेचंच, असं सगळे धरून चालले होते. आणि त्याच कुळातली एक सख्खी बहीण निघाली कुठे, तर मेढ्याच्या परिसरात!

आफ्रिकेतल्या सरोवरात आणि सह्याद्रीतल्या डोहात एकाच कुळातला जीव, मध्ये खारा समुद्र. हा तिकडून इकडे आला कसा? गंमत अशी की आघारकरांचा निबंध आला त्याच 1912 साली जर्मनीत आल्फ्रेड वेगेनर यांनी खंड सरकतात, पूर्वी ते एकमेकांना चिकटलेले होते, ही कल्पना मांडली. तेव्हा लोक हसले त्यांना. (वर्ग हसला की समजावं, प्रश्न चांगला आहे. हे शहाणपण मला फार उशिरा आलं.) भारत आणि आफ्रिका एके काळी जोडलेले होते, हे आज शाळेतली मुलंही शिकतात. पण म्हणून जेलीफिशचं कोडं तेवढ्याने सुटत नाही. हे जीव कठीण काळात कवचात बंद होऊन पडून राहू शकतात. त्या कवचाचा ठिपका पाणपक्ष्याच्या पायाला किंवा पाणवनस्पतीला चिकटून कुठल्या कुठे जाऊ शकतो. तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलायला जागा आहे.

आता मोसमात आठ महिने पाणी नसतं, हे माझं उत्तर. त्याचाही निकाल लागला. ही जेलीफिश वर्षभर छत्री उघडून फिरत नाहीत. त्यांच्या आयुष्याला दोन रूपं असतात. एक रूप दगडाला चिकटून बसणारं, टाचणीच्या टोकाएवढं. त्याला पॉलिप म्हणतात. ते नुसत्या डोळ्याला दिसतसुद्धा नाही. दुसरं रूप छत्रीचं, पोहणारं. त्याला मेड्युसा म्हणतात. उन्हाळ्यात पाणी तापलं आणि निवांत झालं की पॉलिपला कोंब फुटतात आणि त्यांच्या छत्र्या होऊन सुटतात. एखाद-दोन सेंटिमीटरच्या, काचेसारख्या आरपार. सह्याद्रीतल्या नद्यांची धार आटून मागे डोह उरतात, तेव्हाच त्या दिसायच्या. पावसाचा लोंढा आला की दिसेनाशा व्हायच्या. म्हणजे नदी आटणं ही अडचण नव्हतीच. डोह राहिला पाहिजे, एवढंच.

आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट आता. माझ्या त्याच धड्यात, त्याच पानावर हायड्रा होता. हायड्रा कुठे राहतो? तळ्यात, नदीत, गोड्या पाण्यात. मीच फळ्यावर लिहिलं होतं! एकाच संघातला एक भाऊ नदीत राहतो, मग दुसरा का नाही, हा त्या मुलाचा प्रश्न तर्काला धरून होता. पुढे कळलं की वर्गीकरणात गोड्या पाण्यातलं जेलीफिश समुद्रातल्या मोठ्या जेलीफिशपेक्षा हायड्राच्याच जवळचं. दोघं 'हायड्रोझोआ' या एकाच वर्गातले. पोराने नकळत नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं होतं, आणि मी सांगितलं, खाली बस.

तेव्हापासून या घराण्याची मला गोडी लागली. मोठं मजेदार घराणं आहे. आपल्या आईच्या-आजीच्या गळ्यात पोवळ्याची माळ असायची. मंगळासाठी अंगठीत पोवळं घालतात. नवरत्नांत मोती आणि पोवळं ही दोनच प्राण्यापासून आलेली, पण आपण त्यांना रत्नंच म्हणतो. हे लाल पोवळं प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून यायचं. युरोपात ते झाड की दगड की प्राणी, यावर दोन हजार वर्षं घोळ होता. अ‍ॅरिस्टॉटलने समुद्रफुलांसारख्या जीवांना वनस्पती आणि प्राणी यांच्या सीमेवर बसवलं. 1706 साली मार्सिली नावाच्या इटालियन सरदाराने समुद्राच्या पाण्यात ठेवलेल्या पोवळ्याच्या फांदीवर आठ पाकळ्यांची पांढरी फुलं उमललेली पाहिली. झालं! फुलं येतात म्हणजे झाडच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

मग आला मार्सेयचा एक डॉक्टर, पेसोनेल. तो आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर पोवळी काढणाऱ्या कोळ्यांबरोबर गेला. त्याने नीट निरखून सांगितलं की ही फुलं नाहीत, हे इवलेसे प्राणी आहेत. त्याने पॅरिसच्या अकादमीला लिहून पाठवलं. तिथले थोर विद्वान रेओम्यूर यांनी 1727 मध्ये ते मांडताना त्याचं नावच घेतलं नाही. का, तर एवढी हास्यास्पद गोष्ट म्हणणाऱ्याची अब्रू जाऊ नये म्हणून! म्हणजे त्यालाही 'खाली बस'च म्हटलं, फक्त सभ्यपणे.

त्याला न्याय कुणी मिळवून दिला, ते सांगताना मला अभिमान वाटतो, कारण तो एक मास्तर होता. अब्राहम ट्रेंब्ले. हॉलंडमध्ये एका सरदाराच्या दोन मुलांना शिकवायला घरी राहिलेला. 1740 च्या उन्हाळ्यात तो या मुलांबरोबर खंदकातलं पाणी काचेच्या भांड्यात आणून बघत बसायचा. त्यात हिरवे दोरे दिसले. आधी वाटलं, वनस्पती. मग ते हात हलवताना दिसले. मग चालताना. झाड की प्राणी हे ठरवायला त्याने एकाचे दोन तुकडे केले. झाड असेल तर दोन्ही जगतील, असा हिशेब. दोन्ही जगले! पण ते खात होते, हलत होते, म्हणजे प्राणीच. हाच आपला हायड्रा. ही बातमी पसरली आणि मग पोवळ्याच्या 'फुलां'कडेही लोकांनी पुन्हा पाहिलं. 1742 मध्ये रेओम्यूर यांनी आपल्या ग्रंथात पेसोनेलचं नाव घेऊन त्याचं म्हणणं बरोबर होतं असं लिहिलं. पंधरा वर्षं लागली, पण लिहिलं. त्या मोठ्या माणसाचा मोठेपणा मला त्यात दिसतो.

पुढे 1847 साली फ्राय आणि लॉयकार्ट यांनी या सगळ्यांची एक मोट बांधली आणि 'सिलेंटेराटा' नाव दिलं. अर्थ, पोकळी हेच ज्यांचं आतडं. एकच तोंड, त्यातूनच खायचं आणि त्यातूनच टाकायचं. 1888 मध्ये हॅट्शेक यांनी त्यातून स्पंज आणि कंगव्यासारख्या पट्ट्यांची टिनोफोरा मंडळी वेगळी काढली. उरलेल्यांचं नाव 'निडारिया'. निडे म्हणजे ग्रीक भाषेत अंगाची आग करणारं झुडूप, आपल्या खाजकुयलीसारखं. कारण या घराण्याचं खरं कुळलक्षण म्हणजे दंशपेशी. पेशीत एक कुपी, कुपीत गुंडाळलेली पोकळ दोरी, स्पर्श झाला की ती बाहेर उडते आणि विष टोचते. जेलीफिश असो, समुद्रफूल असो की आजीच्या माळेतलं पोवळं बांधणारा जीव असो, ही कुपी सगळ्यांच्या खिशात. आज या संघातल्या दहा हजारांहून अधिक जाती माहीत आहेत. अलीकडे तर माशांच्या अंगात राहणारे काही सूक्ष्म परजीवीही याच घरचे निघाले. दिसायला काही साम्य नाही, पण कुपीवरून आणि जनुकांवरून ओळख पटली. वर्गीकरण म्हणजे तोंडपाठ करायची यादी, असं मी शिकवलं. प्रत्यक्षात ते घरातल्या हरवलेल्या माणसांचा शोध घेणं आहे.

पुन्हा आघारकरांकडे येते. नंतर ते जेलीफिशच्या मागे राहिले नाहीत. कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. 1914 मध्ये पुढच्या अभ्यासाला जर्मनीत गेले आणि महायुद्ध पेटलं. शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून नजरकैदेत पडले. तरीही त्यांनी अभ्यास पुरा केला आणि बर्लिनची डॉक्टरेट घेऊन आले. विषय कोणता, तर वायव्य भारतातल्या कोरड्या प्रदेशातल्या वनस्पती मुळात कुठून आल्या. पाहा, प्रश्न तोच, जेलीफिशचाच. हा जीव इथे आला कुठून? 1946 मध्ये निवृत्त झाल्यावर पुण्यात येऊन त्यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली आणि 1960 मध्ये जाईपर्यंत ती सांभाळली. 1992 साली संस्थेला त्यांचं नाव दिलं. तीच ती पाटी.

ज्या कोयनेच्या खोऱ्यात त्या छत्र्या तरंगत होत्या, तिथे आता शिवसागर जलाशय आहे. वेण्णेवर कण्हेरचं धरण झालं. ही जात पुढे दक्षिणेकडच्या आणखी काही नद्यांतही सापडली, हे समाधान. पण एखाद्या उन्हाळ्यात डोहाच्या काठी बसून पाण्यात टक लावणारा माणूस नसता, तर धरणं भरली तेव्हा काय बुडालं हे कुणाला समजलंही नसतं. आणि गाव सातारा जिल्ह्यातलं होतं. तिथे आधी माणसं नव्हती का? गुरं पाण्यावर नेणाऱ्या पोरांनी ते कितीदा पाहिलं असेल! कदाचित एखाद्याने मास्तरांना विचारलंही असेल.

गेल्या वर्षी तो विद्यार्थी भेटला. कॅम्पातल्या भाजीबाजारात. आता पन्नाशी ओलांडलेला, केस पांढरे, स्वतःचा कारखाना आहे मागांचा. वाकून नमस्कार केला. मी त्याला तिथेच, मेथीच्या जुडीसकट, सगळं सांगितलं. मालवणचे आघारकर, वेण्णेचा डोह, सगळं. म्हटलं, "अरे, तू बरोबर होतास. मी चुकले होते. तुला सांगायचं राहिलं होतं."

तो लक्ष देऊन ऐकत होता. मग जरा ओशाळून म्हणाला, "बाई, मला तर काही आठवत नाही. मी असं विचारलं होतं?" थोडं थांबून हसला. "तेव्हा मी प्रश्न विचारायचो का बाई?"

मेथीची जुडी पिशवीत टाकून घरी आले. त्याला शिक्षा आठवत असती, राग आठवत असता, तर बरं वाटलं असतं.

या उन्हाळ्यात नातू येणार आहे. काचेची बरणी धुऊन ठेवली आहे. गिरणेच्या डोहावर जाऊ म्हणते. काय दिसेल ते दिसेल. दिसलेलं पुस्तकात नसलं, तर पुस्तक मिटून ठेवायचं, एवढं ठरवलंय.

असो. बरंच लांबलं. तुमच्या कुणाच्या गावच्या नदीत उन्हाळ्यात असं काही तरंगताना पाहिलं असेल तर जरूर लिहा. आणि वर्गात कधी कुणी तुम्हाला हसून खाली बसवलं असेल, तर तेही लिहा.